बाईंच्या दाराचे कुलूप

मी, खाली सही करणारा, कुलूप-किल्ल्यांचा कारागीर, वय एकोणपन्नास, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणी मागे लागलेले नसताना लिहीत आहे. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. न मिटणाऱ्या वस्तूचे पुढे काय होते, हे माझ्या धंद्यात लवकर कळते. येत्या आठवड्यात शस्त्रक्रिया आहे. देवाने परत पाठवले तर हा कागद मीच फाडीन. न पाठवल्यास तो माझा शेवटचा शब्द समजावा.

मला बायको-मूल नाही. वारस दोघे: थोरली बहीण, जिला मी ताई म्हणतो, आणि धाकटा भाऊ. घरात तिसरा जीव आहे तो मांजरीचा. कायदा तिला काही देत नाही, म्हणून मला हे सगळे लिहावे लागत आहे.

कलम एक. बाजारातला गाळा, चावी कापायच्या यंत्रासह, धाकट्याला द्यावा. तो विकणार हे मला माहीत आहे, विकावा. माझ्या हातच्या कानशी आणि पकडी मात्र भंगारात घालू नयेत, धंदा करणाऱ्या माणसालाच द्याव्यात. गाळ्यातली जुनी तिजोरीही धाकट्याचीच. तिची किल्ली हरवली आहे आणि आत काही नाही. हे मुद्दाम लिहितो, नाहीतर तो ती फोडण्यात वर्ष घालवील. 'दादा दुसऱ्यांची दारं उघडतो, स्वतःचं तोंड कधी उघडत नाही,' असे तो चारचौघांत म्हणाला होता. आज उघडले आहे.

कलम दोन. राहते घर आणि बँकेतली शिल्लक ताईला. अट एकच: मांजर जिवंत आहे तोवर घर विकू नये, आणि पुढच्या दाराचे पितळी कुलूप काढू नये.

या अटीवरून धाकट्याने माझ्याशी वाद घातला आहे. "दादा, एका मांजरासाठी सख्खा भाऊ तोडणार का तू? पोत्यात घाल, मी गाडी घेऊन येतो, नदीपलीकडे सोडून येऊ." एकदा तो माझी किल्ली घेऊन आत आला तेव्हाची तिच्या दातांची खूण त्याच्या पिंढरीवर आहे, त्यामुळे त्याचा राग मी समजतो. पोते समजत नाही. उद्या हा वाद कोर्टात गेला, तर वाचणाऱ्याला कारण कळावे म्हणून पुढचे लिहितो.

एका घरात एकट्या राहणाऱ्या बाई वारल्या. दार आतून बंद होते, म्हणून घरमालकाने मला बोलावले. त्यांचे कुलूप जुन्या घडणीचे होते. त्यात किल्ली दोनदा फिरते, आणि दुसऱ्या फेऱ्याला आत काहीतरी घसरून बसल्यासारखा आवाज होतो. मी हत्याराने तो दुसरा फेरा दिला आणि दारामागे पावले धावत आल्याचे ऐकले. दार उघडले. मांजर उंबऱ्याशी होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि मनगटाला कडकडून चावली. बाई आत पलंगावर होत्या. मी हात जोडले, मग रक्त पुसले.

मांजर कोणी घेईना, म्हणून मी आणली. दाराला नवे कुलूप बसवले की जुने कारागिराचे, अशी आमच्या धंद्यात रीत आहे. माझ्या दाराचे कुलूप अडकत होते, म्हणून बाईंचे कुलूप मी माझ्या दाराला बसवले. चांगली घडण वाया का घालवायची, एवढाच विचार होता. त्यातून काय ओढवून घेतले ते पहिल्याच संध्याकाळी कळले. तोवर कपाटाखाली मुकाट पडून असलेली ती, दुसऱ्या फेऱ्याला धावत आली. बाहेरून मला तिची गुरगुर ऐकू येत होती, दाराला अंग घासणे ऐकू येत होते. मी आत पाऊल टाकले. तिने वर पाहिले, आणि चावली.

तेव्हापासून रोज हेच. उघड्या दाराने येणाऱ्याला ती नुसती ओरबाडते. किल्लीने येणाऱ्याला चावते. शेजारचा शिंपी तिला 'बाई' म्हणतो, आणि आता मीही म्हणतो. तो खिडकीतूनच विचारतो, "मिस्त्री, बाई आहेत का घरात?"

"आहेत."

"मग माप इथूनच घेतो. हात वर करा."

ताई म्हणाली, "कुलूप बदल रे. रोज तिला आशा लावतोस आणि रोज मोडतोस. पाप लागेल." तिचे पटले म्हणून मी दुसरे कुलूप बसवले. बाई चावायची थांबली. खायचीही थांबली. भिंतीकडे तोंड करून बसली. शेवटी मी जुने कुलूप परत लावले, बाहेर जाऊन किल्ली फिरवली आणि पाय पुढे केला. चावून झाल्यावर ती जेवली.

आता जे लिहितो ते शपथेवर. एका संध्याकाळी मी नामस्मरणाला बसलो होतो. दाराला आतून कडी होती. कुलूप वाजले नाही. माझे कान या एका बाबतीत चुकत नाहीत. ती धावत गेली आणि उंबऱ्याशी अंग घासू लागली, कोणाच्या तरी पायांना घासावे तसे, बराच वेळ. मग पाठ वाकवून मान वर केली, जणू कोणी मानेवरून हात फिरवत होते. मी माझे आसन जरा भिंतीकडे सरकवून वाट मोकळी केली. घाबरलो होतो, पण पाहुणीला जा म्हणणे मला जमत नाही. त्या दिवशी ती कोणालाच चावली नाही.

गेल्या महिन्यात तपासण्यांसाठी इस्पितळात राहावे लागले. परत आलो तेव्हा ताईने दार आतून उघडले, किल्ली लागली नाही. बाई निजली होती. तिने मला पाहिले, उठली, माझ्या बाजूने गेली आणि कुलपाकडे तोंड करून बसली. मी तिच्या मागे उभा होतो आणि ती वाट पाहत होती. कोणाची, ते विचारायची सोय नाही.

ताई म्हणाली, "बाहेर जा आणि किल्लीने ये." मी गेलो. किल्ली फिरवली. ती आली, वर पाहिले, चावली. नेहमीपेक्षा हळू चावली, किंवा मलाच तसे वाटले.

ताईने अट मान्य केली आहे. "चावू दे. माझी पोरं दात येताना काय कमी चावली?" असे तिचे शब्द आहेत.

कलम तीन, शेवटचे. मी गेल्यावर माझी किल्ली ताईच्या हातात द्यावी, आणि त्या दिवशी घराचे दार तिनेच उघडावे. दोन्ही फेरे पूर्ण द्यावेत. बाई धावत येईल. ती वर पाहील, आणि तिला कळेल की ताई म्हणजे मी नाही, आणि तिच्या त्या वारलेल्या बाईही नाहीत. ताई, त्या वेळी हात मागे घेऊ नकोस. तिला रडायची दुसरी रीत माहीत नाही.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: सहीशेजारी शाईने घातला आहे.

सही: कुलूप-किल्ल्यांचा कारागीर

साक्षीदार एक: शेजारचा शिंपी. उजव्या हाताच्या बोटाला पट्टी असल्याने सही वाकडी आली आहे. सही त्यांचीच आहे.

साक्षीदार दोन: उपचार करणारे डॉक्टर. लिहून देणारे शुद्धीवर असल्याची खात्री करून, उंबऱ्याबाहेर उभे राहून सही केली.