दुसऱ्या बॅटरीची जागा

जेल रोड, नाशिक रोड
मंगळवार, ता. ११ फेब्रुवारी २०२५

रोशनीच्या पप्पांना मंगलचा जयभीम.

यशोदाताईंना आणि त्यांच्या घरच्यांनाही जयभीम सांगा. इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे मी एकटीच आहे आणि मी बरी आहे. रोशनीचा सासरहून फोन आला होता. पप्पा आत्याकडे गेलेत एवढंच तिला सांगितलं. तुम्ही मोबाईल बंद करून बसलाय म्हणून कागद काळा करतेय. गल्लीतला बुद्धभूषण सकाळच्या गाडीने मनमाडला ड्युटीवर जातो, त्याच्याकडे देते. अर्धं वाचून ठेवून देऊ नका.

आधी पिंपळगावचं लग्न. नवरीच्या बापाचा फोन रोज येतो. हार घालतानाचे फोटो कुठे आहेत म्हणतो. कुठे असणार, काढलेच नाहीत. मी त्याला तसंच सांगितलं. मग त्याने जे तोंड सोडलं ते लिहिण्यासारखं नाही. त्या माणसाची मला किळस आलीय. मांडवात त्याने तुमच्या तोंडाशी नाक नेऊन कुत्र्यासारखं हुंगलं आणि सगळ्यांना म्हणाला, "कॅमेऱ्याची बॅटरी खाली, पण झुंबरभाऊंची टाकी फुल हाय." लोक दात काढून हसले. त्याच तोंडांनी मग जेवले.

आणि तुम्ही. नवरा-नवरी हार घेऊन ताटकळत उभे, बौद्धाचार्य थांबलेले, तुमच्या खिशात भरलेली बॅटरी. मी म्हटलं, "अहो, बदला ना." तुम्ही कॅमेरा पोटाशी आवळून नुसते उभे. शेवटी कोणीतरी मोबाईलवर फोटो काढले. तुम्ही बॅग माझ्या खांद्याला अडकवली, "यशोदाकडं जातो" म्हणालात आणि स्टॅंडकडे चालू लागलात. त्या माणसाला उलटून एक शब्द बोलला नाहीत.

मीही नाही बोलले. मलाही वाटलं होतं, तुम्ही पिऊनच आलात. लिहूनच टाकते.

बॅगेला हात लावावासा वाटत नव्हता. काल काढली. कॅमेरा आधीच म्हातारा, त्यात त्याच्या बुडाला ते ग्रिपचं डबडं. त्याचं रबर पाघळलंय. काकवीसारखं हाताला चिकटतं, आणि त्यात कुठल्या कुठल्या लग्नातली हळद, केस, एक मेलेला डास. हे तुम्ही रोज गालाला लावता. खोबरेल तेलाने पुसलं आणि बॅटरी चार्जिंगला लावावी म्हणून खालचा खण ओढला.

दोन बॅटऱ्यांची जागा. एकीत बॅटरी. दुसरीत तुमच्या बनियनची चिंधी, तिच्यात शिसं. टायरवाले चाकाला ठोकतात तसलं, ठेचून बॅटरीएवढं चौकोनी केलेलं.

एकट्या घरात मी तुम्हाला मोठ्याने शिव्या दिल्या. गिऱ्हाइकाला सांगायचं की दोन बॅटऱ्या आहेत, संध्याकाळपर्यंत बंद पडणार नाही, आणि आत भंगार भरायचं.

मग खण परत बसवला आणि कॅमेरा डोळ्याला लावून बघितला. एवढा जड, की हात दबूनच राहतो, हलत नाही. शिसं काढून धरला तर हलका. तेव्हा डोक्यात उजेड पडला. तुम्ही बशीतून चहा प्यायचं का सोडलं. दाढी करायला न्हाव्याकडे का जाता. सही करायची वेळ आली की "तूच कर" का म्हणता. लोकांसमोर खण ओढला असता तर बॅटरीबरोबर शिसंही बाहेर आलं असतं, म्हणून तुम्ही तसे उभे राहिलात.

वीट आला मला तुमचा. गावाने दारुडा म्हटलेलं चाललं, आणि हात कापतो हे बायकोला सांगायची लाज वाटली? एवढ्या वर्षांत मी तुमच्या कुठल्या दुखण्याला हसले, ते एक सांगा.

दवाखान्यात विचारून आले. हात कापतो त्याचे डॉक्टर वेगळे असतात म्हणे, गुरुवारी बसतात. प्रत्येक वेळी ते वाईटच असतं असं नाही, असं तिथल्या सिस्टरबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा बघून मला काही कळलं नाही.

रविवारचं एकलहऱ्याचं लग्न मी रद्द केलेलं नाही. शिसं भंगारात दिलं. आज शेजारच्या नवसाबाईला अंगणात उभं करून फोटो काढून बघितले. तिचं डोकं तुटलं, तिची शेळी चांगली आली. "माझ्यापेक्षा शेळीच देखणी हाय ना," म्हणत बसली.

रविवारी कॅमेरा मी धरणार. तुम्ही बाजूला उभं राहून लाईट धरायची आणि मी कुठे चुकते ते सांगायचं. लाईट थोडी हलली तर कोणाला कळत नाही. मला कळेल, पण मला कळलं तर काय बिघडतं?

उद्या रात्रीपर्यंत या. मी अजून चिडलेलीच आहे, तयारीने या.

दार उघडं ठेवून बसलेली,
मंगल