कानातले मेथीदाणे

उल्हासनगर, १२ ऑगस्ट १९८९

ती. आईस, लेक चांगुणाचा मनापासून जय भीम.

माझी काळजी करू नकोस. दर शनिवारी इथल्या एक सिंधी बाई कानाला मेथीदाणे पट्टीने चिकटवून देतात. ते जेवणाआधी दाबायचे. आता भाकरी पचते, झोपही लागते.

पण हे घरी बोलले नाही. बाहेर पडायला मिळतं ते शनिवारचंच. बरी झाले म्हटलं की तेही बंद होईल. हे पत्रसुद्धा बाईंच्या बाकावर बसून लिहितेय.

तुझा गुडघा कसा आहे? लावणी उरकली का?

तुझं पत्र सासूबाई आधी फोडतात. म्हणून त्यात एवढं लिहीच, "चांगुणा, दुखणं जुनं आहे, वर्षभर तरी दाणे सोडू नकोस."

तुझीच,
चांगुणा