काटा चार मागे

बाबा, आज मी आपट्याला चाचांकडे जाऊन आले. तुमचे दोस्त, टॅक्सीवाले चाचा. त्यांच्या मुलीचा निरोप आला होता की अब्बांचं आता काही खरं नाही, सारखं तुमचं नाव काढतात, एकदा येऊन जा. परत येऊन तास झाला, पण साडीसुद्धा बदललेली नाही. पर्स मांडीवर घेऊन बसले आहे आणि तुम्हाला लिहिते आहे. काय अक्कल म्हणायची ही! तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि असतात तरी तुम्हाला वाचता कुठे येत होतं? तुमची आलेली पत्रं मी वाचायची, तुमची जाणारी पत्रं मी लिहायची. म्हणजे हेही मीच मोठ्याने वाचून दाखवायला हवं, आणि तेवढंच तुम्ही होतात तोवर मला जमलं नाही.

चाचांच्या गाडीचे टायर पार झिजले होते तो उन्हाळा आठवतो का? त्या मापाचे टायर मुंबईलाही मिळेनात. मग तुम्ही लष्कराच्या जुन्या मालातले चार टायर आणलेत, चांगले ऐसपैस. मडगार्ड ठोकून ठोकून जागा केलीत. चाचा लांब उभे राहून म्हणाले, "अरे, माझ्या बकरीला तू उंटाचे पाय लावलेस." तुम्ही हसला नाहीत. हत्यार हातात असताना तुम्ही कधी हसत नव्हता. म्हणालात, "पाय लागले, पन आता मीटर खोटा बोलंल." मी तेव्हा पनवेलच्या मराठी शाळेत नुकती शिकवायला लागले होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. वेगाच्या मीटरचा टायरशी काय संबंध, असं मी विचारलं. तुम्ही जुन्या टायरला खडूची खूण केलीत, तो गॅरेजच्या जमिनीवर एक वेढा फिरवलात, आणि शेजारी नवा फिरवलात. नवा पुढे गेला. "मीटर नुसते वेढे मोजतो पोरी. येका वेढ्यात गाडी किती पलाली, ते त्या बिचाऱ्याला काय ठावं?" मिठागरावर वाढलेल्या, एकही इयत्ता न शिकलेल्या माणसाने मला ते इतक्या सोप्या रीतीने समजावलं, की पुढे सगळा जन्म मी वर्गात तसं शिकवायची धडपड केली.

मग आपण तिघं पळस्प्याला गेलो. गाडी तुम्ही चालवत होता, चाचा मागे बसले होते, आणि मी तुमच्या शेजारी तुमचं खिशातलं घड्याळ हातात धरून. तुम्ही काटा बरोबर तिसावर धरून ठेवलात. मैलाचा दगड आला की मी ओरडायचं, "दगड!" तिसाच्या वेगाने मैलाला दोन मिनिटं लागायला हवीत. लागलं एक मिनिट शेहेचाळीस सेकंद. चाचा म्हणाले पुन्हा बघू, पुन्हा तेवढंच. मी मांडीवरच्या कागदावर त्रैराशिक मांडलं: काटा तीस, गाडी चौतीस. चाचांच्या ध्यानात राहिला तो नुसता चाराचा फरक. तुम्ही मान डोलावलीत आणि चाचांना आरशातून म्हणालात, "बघितलंस? छापल्यावानी हिशेब करते माझी पोर." एवढा आनंद मला नंतर कुठल्याच गोष्टीचा झाला नाही.

मीटरच्या तारेची छोटी चक्री बदलायची होती, कमी दातांची. ती मुंबईहून यायला आठ दिवस लागणार होते. तोवर मीटरच्या काचेवर चिठ्ठी डकवायची ठरली. तुम्ही गाडीखालूनच सांगितलंत, "लिव, काटा चार मागं हाय." आणि मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'चार मागे'. काचेवर जागा तेवढीच होती. आपल्या गॅरेजमध्ये त्याचा अर्थ एकच. घड्याळ पाच मिनिटं मागे आहे म्हटलं की आपण पाच मिनिटं मिळवतो, तसंच काट्याचं. मी डिंक लावून चिठ्ठी चिकटवत होते तेव्हा चाचा खिडकीतून वाकले. "बेटी, चार मागे म्हणजे चार कमीच ना?" मला वाटलं, काटा चार कमी दाखवतो असं विचारताहेत. मी वर न बघताच म्हणाले, "हो चाचा, कमीच." त्यांना वाटलं, काट्यातून चार कमी करायचे. बाबा, इतकीच गोष्ट आहे. एक शब्द, आणि वर त्याला जोडलेला माझा 'हो'.

चौथ्या दिवशी चाचा पेणहून रिकामी गाडी घेऊन येत होते. कर्नाळ्याच्या उतारावर काटा चाळिसावर. त्यांच्या हिशेबाने छत्तीस, खरे पंचेचाळीस. वळणावर गाडी झाडावर गेली. माणूस वाचला, उजवा पाय गुडघ्याखाली गेला. गाडी ओढून आपल्या गॅरेजात आणली तेव्हा तुम्ही चाचांजवळ इस्पितळात होता आणि शाळा सुटून मी आधी पोचले होते. काच तडकली होती, चिठ्ठी मात्र जशीच्या तशी. मी ती पाहिली आणि तिथेच मला चाचांचा प्रश्न आठवला, आता त्याच्या खऱ्या अर्थाने. मी नखाने ती चिठ्ठी खरवडून काढली आणि पोलक्यात घातली. तुम्ही येऊन विचारलंत, "कागद कुठं हाय?" मी म्हणाले, पडला असेल कुठेतरी.

दोन महिन्यांनी चाचा कुबडीवर आले. भांडायला नाही, नुसतं विचारायला आले होते. "चार मागे लिहिलं होतं, दोस्त. मी चार मागे धरले. मग गाडी एवढी पळाली कशी?" तुम्ही माझ्याकडे वळलात. "काय लिवलं व्हतंस पोरी?" हातात स्क्रू-ड्रायव्हर होता तुमच्या, आणि डोळ्यांत किती विश्वास! मी म्हणाले, "तुम्ही सांगितलंत त्याचा अर्थ सोडवून 'चार मिळवा' असं लिहिलं होतं." चाचा म्हणाले, "अल्लाची कसम, मी चार इयत्ता मराठीच शिकलोय." खिडकीतून मला विचारलेलं अपघातात त्यांच्या डोक्यातून पुसलं गेलं असावं. आणि तेव्हा, बाबा, तुम्ही ते बोललात. "माझी पोर शालंत शिकवते, ती नाय चुकायची. तूच उलटा वाचला असशील. तुमची उर्दूवाल्यांची वाचायची रीतच उलटी." ते बोलून गेल्यावर तुमचाच चेहरा उतरला. चाचांनी समोरचा चहा घेतला नाही. कुबडी उचलली आणि गेले. मी एक शब्द बोलले असते तर ते फाटकातून परत फिरले असते. मी फळ्यावर खडू ओढणारी शहाणी बाई, त्यांचा चहा उचलून मोरीत ओतला.

तुम्ही त्यानंतर कुणाच्याही मीटरला हात लावला नाहीत. रस्त्यावर चाचांच्या टॅक्सीसारखा रबरी भोंगा वाजला की मान वर करायचात. "मी तसं बोलाया नको व्हतं," असं एकदा जेवताना म्हणालात, आणि मी तुम्हाला भात वाढला. शेवटच्या आजारात तुम्ही मला म्हणालात, "त्याला बोलाव." मी निरोप पाठवते म्हणाले. पाठवला नाही. चाचा आले असते तर दोघं बोलला असतात, आणि बोलला असतात तर मी उघडी पडले असते. तुम्ही तीन दिवस दाराकडे बघत होता. हे तुम्हाला माहीत होतं का हो? की मुलीनेही दगा दिला हे न कळताच गेलात? काय झालेलं बरं, तेही मला आता ठरवता येत नाही.

म्हणून आज ठरवूनच निघाले होते. चिठ्ठी पर्समध्ये होती, डिंकाने पिवळी पडलेली. चाचांना दाखवायची, पायांवर डोकं ठेवायचं, मग त्यांनी थोबाडीत मारली तरी चालेल. उंबऱ्यापाशी त्यांची कुबडी होती. चाचांचं आता मूठभर शरीर उरलंय, पण ओळखलं लगेच. त्यांनीच माझा हात धरला आणि मी तोंड उघडायच्या आत बोलू लागले. "बेटी, तुला कशाला बोलावलं, सांगतो. इतकी वर्षं विचार केला. तुझा बाप खोटं बोलणारा नव्हता, तू तर नाहीच नाही. लहानपणी उर्दूही वाचायचो ना, नजर उलटी गेली असेल. मीच उलटं वाचलं. गलती माझी. त्याच्यावर नाहक राग धरला, त्याच्या मयतीलाही आलो नाही. त्याच्या वतीने तू मला माफ कर. केलंस ना?"

बाबा, काय करायला हवं होतं मी? सांगा ना. पर्सची कडी माझ्या बोटात होती. त्यांची मुलगी पदराने डोळे पुसत होती. चाचा माझ्याकडे बघत होते, त्या दिवशी खिडकीतून वाकून बघितलं होतं तसेच, माझ्या उत्तरावर भरवसा ठेवून.

मी म्हणाले, "हो चाचा."