मेरेसेईनीसाठी चटई

सुवा

प्रिय आई,

तुझे सुके मासे पोचले. गुडघा कसा आहे? मी ठणठणीत आहे.

अतिदक्षतेतून निघालेल्या, पण साध्या वॉर्डात पाठवण्याइतक्या बऱ्या न झालेल्या मुलांसाठी आमचा चार खाटांचा कक्ष अखेर सुरू झाला. दोन वर्षं मी त्यासाठी भांडले. परवा तिथली पहिली मुलगी घरी गेली. तिच्या आईने नुकत्याच झालेल्या बाळाला नाव दिलं मेरेसेईनीचं, माझ्या हाताखालच्या नर्सचं!

“सिस्टर, तुम्ही सारख्या मशीनकडेच बघायचात की!” ती आई मला हसत म्हणाली. मीही हसले. मग जेवण गेलं नाही.

मेरेसेईनीला आई नाही. आपलं नाव मिळालेल्या बाळाला रीतीप्रमाणे चटई द्यायची, ती तिला कोण विणून देणार? तूच विण. जरा लहान चालेल. नको, मोठीच विण. माझ्या नावाच्या बाळासाठी म्हणून ठेवलेली तेवढी देऊ नकोस.

तुझीच,
अकानिसी