वेलीचं पहिलं फळ

इंदू,

धनेशला सुरतेहून तार आली, उद्याच कामावर बोलावलंय. त्याला बसवर सोडायला सरवटे स्टँडवर निघालोय. पोळ्या सगळ्या त्याच्या डब्यात दिल्या, तुझ्यासाठी भात टाकलाय.

मिल बंद पडल्यावर मी लावलेल्या पॅशन फ्रूटच्या वेलीचं पहिलं फळ आपण तिघांनी खायचं ठरलं होतं. मी ते त्यालाच कापून दिलं. "बाबा, क्या बात है, एकदम गोड!" म्हणत त्याने सगळं संपवलं. नंतर मी साल चाटून पाहिली, तर दात आंबले.

"आई शाळेत शिकवून येईपर्यंत थांबतो" म्हणत होता. मीच घाई केली. तू रडली असतीस, तर मी त्याला जाऊ दिलं नसतं, आणि इथे ठेवून तरी त्याला काय देणार होतो?

शंकर