पांढऱ्यातला पिवळा

माय,

मला आबांना एक गोष्ट सांगायची आहे. तू गेलीस तेव्हापासून ती राहून गेली आहे, आणि आबा आता इतके थकलेत की ती कायमचीच राहील असं वाटतं. म्हणून आधी तुला सांगून बघते. तुला वाचता येत नव्हतं, हे विसरलेले नाही. गावाकडून आलेली पत्रं मीच तुला वाचून दाखवायचे आणि वाचता वाचता तुला त्रास होईल असं काही आलं की ते गाळायचे. आज काही गाळायचं नाही असं ठरवून बसले आहे. जमेल की नाही, माहीत नाही.

निमित्त माझ्या मुलीचं. ती नववीत आहे, तू गेलीस तेव्हा मी होते तशीच. जपानी कार्टूनमधले डोळे काढायचं वेड तिलाही लागलं आहे. काल दुपारी मी मेथी निवडत होते आणि ती ओट्याला टेकून एका कागदावर आठ-नऊ डोळे काढत होती, प्रत्येक वेगळ्या तऱ्हेचा. समजावून सांगायचं असलं की ती हिंदीत शिरते. म्हणाली, "मम्मी, देख, व्हाइट को एकदम व्हाइट नहीं रखने का. थोडा कलर देने का, नहीं तो आँख नकली लगती है." आणि तिनं वरच्या पापणीखाली फिकट जांभळी पेन्सिल आडवी धरून फिरवली. डोळा लगेच ओला झाल्यासारखा दिसायला लागला. मी उठून हात धुतले. हात खराब झालेले नव्हते. तिनं विचारलं, "क्या हुआ?" मी म्हटलं, छान आलेत.

गोडादऱ्याची आपली खोली मला अजून त्या खिडकीवरून आठवते. एकच खिडकी, तिच्याखाली स्टो, आणि स्टोच्या बाजूला भिंतीला पाठ लावून बसायची माझी जागा, कारण दिवसाचा उजेड तेवढ्याच तुकड्यात यायचा. आबा लूमवर बारा तासांच्या पाळीला, आणि तू उधन्याच्या एका पॅकिंगच्या गोडाऊनमध्ये चेकिंगला. साड्या घडी होऊन खोक्यात जाण्याआधी टेबलावर पसरायच्या, डाग, तुटका धागा, छपाईतली चूक हुडकायची आणि तिथं चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, हे तुझं काम. तुझ्या नजरेचा तुला अभिमान होता. मॅनेजर पांढऱ्या साड्यांचा गठ्ठा नेमका तुझ्याकडे सरकवायचा, "बेन, आ सफेद लॉट तमेज जोजो," आणि तू घरी येऊन त्याच्या आवाजात ते सांगायचीस. मग म्हणायचीस, बाकीच्या बायकांना चहाचा डाग दिसतो, मला चहाची वाफ लागलेली दिसते. आबा म्हणायचे, "मग मन्हा सदरावरनं ग्रीस कसं दिसत नही तुले?" तू म्हणायचीस, ते दिसतं, म्हणून तर धुवायला तुम्हाला देते.

चित्रकथांचं ते पुस्तक तू त्या गोडाऊनमधूनच आणलंस. खोकी भरायला रद्दीचे गठ्ठे यायचे, त्यात निघालं. जाडजूड, खरबरीत गुलाबी-हिरव्या कागदाचं, कुठल्याशा परक्या लिपीतलं. ती जपानी आहे हे मला खूप नंतर कळलं. तू पिशवीतून काढून माझ्यापुढे टाकलंस आणि चप्पल काढता काढता म्हणालीस, "टीव्हीवाला डोया शेतस यामा." शेजारच्या मावशींच्या टीव्हीवर रविवारी सकाळी मी जे कार्टून बघायला धावायचे, त्यातल्यासारखेच डोळे पानोपानी होते. माझ्या वेडाबद्दल तू कधी काही बोलली नव्हतीस, म्हणजे मला वाटायचं तुझं लक्षच नाही. ते पुस्तक उलट्या बाजूनं उघडायचं असतं हे आपल्याला कुठं ठाऊक. आपण शेवटापासून सुरुवात केली. पहिल्याच पानावर एक मुलगी रडत होती, आणि ती का रडते आहे ते शोधत आपण कित्येक दिवस पानं उलटत होतो. तुला अक्षर येत नव्हतं आणि मला ती लिपी येत नव्हती, म्हणून त्या पुस्तकापुढे आपण दोघी सारख्या होतो. उलट तूच जास्त वाचायचीस. एका बाईच्या डोळ्यांवर बोट ठेवून म्हणालीस, "हाई खोटं बोली ऱ्हायनी." चार पानांनी ते खरं निघालं.

डोळे किती प्रकारचे असतात ते मी त्या पुस्तकातून शिकले. लहान मुलींचे अर्ध्या चेहऱ्याएवढे, बुबुळ वर गडद आणि खाली येताना फिकट होत गेलेलं, त्यात दोन-तीन पांढरे गोल, आणि खालच्या पापणीचे केस एकेक मोजून घ्यावेत असे सुटे. मुलांचे तिरपे, अरुंद, वरची रेघ जाड. दुष्ट माणसांचं बुबुळ टिकलीएवढं आणि भोवती पांढरंच पांढरं. म्हाताऱ्यांच्या नुसत्या दोन रेघा. हसणाऱ्यांचे उपड्या वाटीसारखे. आणि काही डोळे असे की त्यात चमकेचा गोल सोडलेलाच नाही, सगळं बुबुळ सपाट भरलेलं. माणूस मेलं किंवा आतून संपलं की असे डोळे काढतात, हे न वाचताही कळायचं. तसं पान आलं की तू त्यावर पंजा ठेवायचीस आणि पुढचं उलटायचीस. पुस्तक काळ्या शाईचं होतं, रंग आपले आपण भरायचे. मी वहीत डोळे उतरवून घ्यायचे आणि तू भाकरी थापता थापता रंग सांगायचीस, साड्यांचे रंग. हिला रामा दे. हिला अंजिरी. हा लबाड आहे, याला मेंदी. आणि चमक कुठं सोडायची ते तूच दाखवलंस. मी दोन्ही डोळ्यांत ती दोन्हीकडे सोडत होते. तू म्हणालीस, खिडकी एकच आहे ना, मग उजेड दोन्ही बाजूंनी कसा येईल.

आता त्या रविवारावर येते. श्रावण होता. कानबाईच्या सणाचे रोट होऊन गेले होते आणि त्या वर्षी तू रोटाचा घास तोंडात घेऊन नुसता फिरवत बसली होतीस. "तोंडले चव नही व," म्हणालीस. तुझे उपास चालू होते, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. फोडणी दिली की तू तोंडाला पदर लावून दारात जाऊन उभी राहायचीस. त्या सकाळी आबा पाळीवर होते. तू खिडकीखाली तांदूळ निवडायला बसलीस आणि आपणहून म्हणालीस, "आज मन्हा डोया काढ." मी तुला तिरपं बसवलं. तुझे डोळे मी त्या पुस्तकातल्या मुलीसारखे काढते, मोठे, खालचे केस सुटे, पण रंग खराच द्यायचा असं ठरवते. बुबुळ तपकिरी, कडेला काळं, मध्ये मधासारखं. एक चमक, खिडकीच्या बाजूला. तू तांदळातून मान वर करतेस, माझ्याकडे बघतेस, हसतेस, परत खाली. तिसऱ्या की चौथ्या वेळी तू वर बघितलंस तेव्हा मला ते दिसलं. पांढरं पांढरं नव्हतं. कोपऱ्यांत, नाकाच्या बाजूला, फिकट लिंबाचा रंग. मी पेन्सिलींच्या डबीतून दोन पिवळ्यांपैकी फिकट उचलली, आडवी धरली आणि इतक्या हलक्या हातानं फिरवली की कागदाला कळू नये. चित्र एकदम तू झालं. तोपर्यंत ते कुणाचंही होतं.

तू कागद हातात घेतलास. आधी हसलीस, "मन्हा डोया इतला मोठा शेतस?" मग तुझी कामावरची नजर आली. कागद खिडकीकडे तिरपा धरलास, साडी धरायचीस तसा. "हाई पिवयं काय शे?"

मी म्हटलं, तसंच आहे.

"डोयामा पिवयं कोठे ऱ्हास व? धव्या साडीवर डाग म्हंजे माल रिटर्न. पुशी टाक."

मी एकदा म्हटलं, माय, खरंच तसं दिसतंय. तू म्हणालीस, उजेड तसा असेल, आणि तांदळात बघायला लागलीस. आवाज रागाचा नव्हता. गोडाऊनमध्ये नव्या मुलीला सांगत असशील तसा होता. मी खोडरबरानं पुसलं. आपल्या घरात आरसा होता, दाराच्या मागं, आबा दाढी करायचे तो. तुला उठवून तिथं न्यायला दहा पावलंही लागली नसती. मी फुगून बसले होते. सगळ्यात बारीक गोष्ट मला दिसली होती आणि तीच तू डाग म्हणून काढायला लावलीस.

पुढचे पाच दिवस तू कामावर गेलीस. सहाव्या दिवशी गोडाऊनमध्ये टेबलाजवळ चक्कर येऊन बसलीस, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या डॉक्टरकडे आबांनी आणि मी तुला नेलं. त्यानं पापणी खाली ओढून बघितली. "आ तो कमळो छे," म्हणाला. कावीळ. मोठ्या दवाखान्यात जा, रक्त तपासा, असंही म्हणाला. आबांनी आधी कामरेजच्या पुढं राहणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून मंतरलेली माळ आणली. माळ डोक्यावर ठेवायची, ती वाढत खाली उतरते आणि कावीळ उतरते, असं लूमवरच्या चार जणांनी त्यांना सांगितलं होतं. माळ वाढली. तू चार दिवसांत माणसं ओळखेनाशी झालीस. दवाखान्यातला डॉक्टर आबांना म्हणाला, आठ दिवस आधी आणायचं होतं. आबांनी त्यात माळेचे चार दिवसच ऐकले. आठ दिवस कुठून आणायचे होते, ते फक्त मला माहीत होतं.

दवाखान्यात एक वेळ अशी आली की तू शुद्धीत होतीस. मी स्टीलच्या पेल्यातून पाणी पाजत होते. पेल्यात तू स्वतःला बघितलंस. बराच वेळ बघितलंस, मग माझ्याकडे. तुझे डोळे तेव्हा हळदीत बुडवल्यासारखे झाले होते. तुला तो कागद आठवला का, हे मी इतक्या वर्षांत स्वतःला किती वेळा विचारलं असेल. तू एवढंच म्हणालीस, शाळा बुडाली ना तुझी. त्या नजरेत आणखी काही होतं का, ते मला वाचता आलं नाही. ते तुझं काम होतं.

पुढं मी कॉलेज केलं, कापडाच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं करते. फुलं, वेली, कोयऱ्या. मोर आला तर पिसाऱ्यात सुद्धा डोळा काढावा लागतो, तो मी दुसऱ्या कुणाला करायला देते. घरात सगळ्यांच्या पापण्या मी ओढून बघते. माझा नवरा म्हणतो, तुझ्याशी लग्न करणं म्हणजे रोज मेडिकल. आठ दिवसांनी फरक पडला असता का, हे मी दोन वेगवेगळ्या डॉक्टरांना विचारलं. दोघांनीही सांगितलं, सांगता येत नाही. मधे काही वर्षं मी स्वतःला समजावत होते की पिवळं मला दिसलंच नव्हतं, नंतरच्या दुःखानं ते मागं नेऊन ठेवलं. पण तो कागद मी जपून ठेवला आहे. खोडरबरानं तिथला कागद फुलारला आहे, आणि नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात, जिथं रबर पोचलं नाही, तिथं पिवळा अजून आहे.

आबा माझ्याकडेच असतात. दिवसभर फारसं बोलत नाहीत. पण कधी चहा घेताना, कधी चप्पल शोधताना, मधेच विचारतात, "चूक मन्हीच ना व? ती माळ." या आठवड्यात तीनदा विचारलं. मी दर वेळी म्हणते, नाही आबा, तुमची नाही. ते मान हलवतात, कारण हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणते असं त्यांना वाटतं. कागद दाखवला तर त्यांना पटेल. कागद कपाटात, वरच्या कप्प्यात आहे. मी आज सकाळी तो काढला आणि परत ठेवला.

मला त्यांच्या रागाची भीती नाही. राग आला तर बरंच होईल, त्यांच्या अंगावरचं निम्मं तरी माझ्याकडे येईल. पण ते विचारतील, तुला दिसलं होतं तर डॉक्टरकडे बसलो होतो तेव्हा का नाही बोललीस, तेव्हा तुला काय वाटत होतं. आणि मी एकदा बोलायला लागले की मला अर्धं सांगता येणार नाही. ते मी अजून तुलाही सांगितलेलं नाही. या वहीतलं पान मी फाडणार नाही आणि कुणाला देणारही नाही, म्हणून इथं लिहिते.

डॉक्टरनं तुझी पापणी ओढली आणि कावीळ म्हटलं, तेव्हा भीती मला नंतर वाटली. आधी आनंद झाला होता, माय. माझा रंग बरोबर होता.