कापलेला भाग

सोमवार, ३
आलो एकदाचा! दादा-वहिनींनी फाटकापाशी सोडलं. सहा आठवडे इथे राहून लोकांत वावरायला शिकायचं, मग घरी. मी ऑटिस्टिक आहे. छापखान्यात मुद्रितं तपासतो. कागदावरची चूक माझ्या नजरेतून सुटत नाही, पण समोरच्याचा चेहरा वाचताना पार भंबेरी उडते. खोली झकास आहे. पंखा मिनिटाला एकदा कुरकुरतो, तेवढं चालेल.

गुरुवार, ६
इथली पद्धत मजेशीर आहे. आम्ही गप्पा मारायच्या आणि ताईंनी त्याचं चित्रीकरण करायचं. (ताई म्हणजे शिकवणाऱ्या बाई. माझ्याहून लहान आहेत, पण ताईच म्हणायचं.) मग अडखळणं, छताकडे बघणं, बोटं नाचवणं, सगळं कापून उरलेली फिल्म त्या आम्हालाच दाखवतात. स्वतःकडे बघून शिकायचं. माझ्या अकरा मिनिटांतले चाळीस सेकंद उरले. त्यात मी चक्क रुबाबदार दिसतो.

मंगळवार, १८
आजच्या फिल्ममध्ये मी जेवणघरात विनोद सांगतोय आणि टेबलभर लोक हसतायत. ताई म्हणाल्या, गेल्या शुक्रवारचं आहे, विसरलात. पण शुक्रवारी डोकं दुखत होतं म्हणून मी खोलीतच जेवलो होतो. कापलेल्या भागाचं काय करता, असं मी विचारलं.
“तो इथेच राहतो,” ताई गोड हसून म्हणाल्या.

सोमवार, २४
स्वयंपाकीणबाई ताट देईनात. आत्ताच जेवून गेलात, आभारही मानलेत, म्हणाल्या. घरी फोन केला. वहिनी म्हणाली, भाऊजी, सकाळी अर्धा तास किती छान बोललात! मी अर्धा तास कुणाशीच बोलत नाही. घाबरून सगळं सांगायला गेलो, तर म्हणाली, परत अडखळायला लागलात, ताईंना फोन द्या.
मला घरी जायचंय.

बुधवार, २६
फाटकाशी गेलो. पहारेकऱ्याने हात धरून परत आणलं. ताईंना सांगितलं, फिल्ममधला तो मी नाही. त्यांनी लिहून घेतलं – नजर टाळली, आवाज चढवला. हेही कापू, म्हणाल्या.

शुक्रवार, २८
आता हाक मारली तरी कोणी वळत नाही. मागच्या व्हरांड्यात दहाबारा जण – कोणी डुलतंय, कोणी बोटं नाचवतंय. तेवढेच माझ्याकडे बघतात. एकाने सरकून बाकावर मला जागा केली. मी बसलो नाही. बसणार नाही.

शनिवार, २९
दादा आलाय. दोन आठवडे आधीच – खिडकीतून दिसतोय – फिल्ममधल्या त्याला मिठी मारतोय. मला मिठी सोसत नाही, दादाला माहीत आहे – दादा आनंदाने रडतोय.
काच बडवतोय मी –
दादाने वर पाहिलं. थांबलाय. काहीतरी विचारतोय, आणि तो हसून नाही म्हणतोय –
गाडीचं दार –
दादा, तो चुकत नाही. मी चुकतो. निदान त्यावरून तरी मला ओळ